शेवटच्या पानावर मिटायचं नाही

टी-शर्ट छापणाऱ्या त्या कारखान्यात माणसं दोन जातींची होती: ओली आणि कोरडी. ओली माणसं आतल्या खोलीत. त्यांच्या कोपरापर्यंत शाई, कपाळावर शाई, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा नखांत काल छापलेला रंग. कोरडी माणसं बाहेरच्या लांब टेबलापाशी. शर्ट वाळून आला की तो तपासायचा, दोरे कापायचे, लेबल लावायचं, घडी घालायची आणि पिशवीत सरकवायचा. यातली घडी म्हणजे काकांचं खातं. म्हणून ते घडीकाका. त्यांचं खरं नाव मालकीणबाईंना ठाऊक असावं, पण त्यांनाही ते चटकन आठवलं असतं असं नाही.

शर्ट पालथा टाकायचा, पाठीवर मधोमध पुठ्ठा ठेवायचा, दोन्ही बाजू बाह्यांसकट आत घ्यायच्या, खालचा घेर वर आणायचा, पुठ्ठा ओढून काढायचा आणि शर्ट सुलटा करायचा. चित्र बरोबर मधे. एवढ्याशा कामाचं काय ते कौतुक, असं ज्याला वाटेल त्याने आपल्या कपाटाचं दार उघडून एकदा आत बघावं आणि मग बोलावं. काकांच्या हातचा गठ्ठा टेबलावरून ढकलला तरी सरळच्या सरळ सरकायचा. शेजारी बसणारी लेबलवाली ताई म्हणायची, "काका, तुम्ही माणसाचीपण घडी घालाल एक दिवस." काका म्हणायचे, "माणूस पालथा पडून राहील तर घालीन की."

ताईला हसायला एवढं पुरायचं. काकांनाही दिवसभरात कुणाला तरी हसवलं एवढं पुरायचं. बाकी त्यांचं दिवसभराचं बोलणं असं फारसं नव्हतंच.

टी-शर्टांच्या आधी काकांनी कागदाच्या घड्या घातल्या. चांगली उमेदीची वर्षं त्यांनी एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढली. तिथे मोठाल्या कागदांवर पानं छापून यायची, काही उभी, काही उलटी, पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं. तो कागद हाडाच्या गुळगुळीत पट्टीने दाबत दाबत दुमडत गेलं की सोळा पानं शहाण्यासारखी ओळीने लागायची. त्या दुमडलेल्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. फर्म्यावर फर्मा ठेवायचा, शिवायचा, वर पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. आयुष्यभर असं वाटत राहतं की पुस्तक बांधणाऱ्याला पुस्तकं पाठ असतील. कसली पाठ! फर्मा दुमडणाऱ्याला गोष्ट कळत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या समोर तोच एक कागद असतो, त्यावर राजाचं डोकं खाली आणि राणीचे पाय वर.

काकांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी अजून बोबडं बोलत होती. भेटायला आलेली माणसं म्हणाली, संसाराची घडी विस्कटली हो. काकांना ते बोलणं मुळीच आवडलं नाही. विस्कटलेली घडी पुन्हा घालता येते, हे त्यांच्याइतकं दुसरं कोण जाणत होतं? इथे अर्धा कागदच फाटून गेला होता. पण बोलायला आलेल्या माणसांना दुरुस्त करत बसायची ती वेळ नव्हती, म्हणून त्यांनी मान हलवली.

मुलीला ते ठमी म्हणायचे. ठमी कागदांच्या ढिगावर बसून, कात्रणं खेळत, छापखान्यातच वाढली. फोरमन डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा, कारण त्यालाही मुली होत्या. आणि त्याच फोरमनने एकदा एक पुस्तक काकांच्या हातात दिलं. "हे बाद झालंय. कव्हरवर सरसाचा डाग पडलाय. ने तुझ्या पोरीला."

ते साळोबाचं पुस्तक होतं.

साळोबा कोण हे सांगायची तशी गरज नाही, कारण ज्याच्या घरात लहान मूल होतं त्याच्या घरात साळोबा होताच. पण जो लहानपणीच म्हातारा झाला असेल त्याच्यासाठी सांगते. साळोबा म्हणजे एक साळिंदर, ढेरपोट्या, अंगभर काटे. त्या पुस्तकात एकही अक्षर नाही, नुसती चित्रं. साळोबा जिथे जाईल तिथे कुणी ना कुणी त्याच्या काट्यांवर काहीतरी टोचून देतं. शिंपी बटण देतो, पक्षीण पीस देते, कुणी पान, कुणी इवलीशी घंटा. घरी त्याची आजी असते. बस्स, एवढंच. अक्षरं नसल्यामुळे ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगायची ती गोष्ट.

काका ती रोज झोपताना सांगायचे. त्यांच्या तोंडी ती अशी होती: साळोबा काट्यांवर ही एवढी गंमत घेऊन जत्रेतून निघतो. वाटेत पाऊस लागतो. घरी येतो तर काट्यांवरच्या सामानामुळे दारातच अडकतो. आजी एकेक वस्तू काढून घेते आणि गल्लीतल्या सगळ्या पिल्लांना वाटून टाकते. साळोबा गाढ झोपतो. उठतो तर अंगावर काहीच नाही, नुसते काटे. मग तो आजीचा निरोप घेतो, निघतो, वाटेत शिंप्याकडून एक बटण घेतो आणि एका लांबलचक पुलावर येतो. शेवटच्या पानावर पूल, पलीकडे धुकं, आणि आपल्याकडे पाठ करून उभा असलेला साळोबा.

पहिल्यांदा ते पान आलं तेव्हा ठमीने विचारलं, "हा परत कधी येतो?"

काकांना काय माहीत? चित्र काढणाऱ्याने पुढे काही काढलंच नव्हतं. पण पोरीचा ओठ थरथरायला लागला होता. आई गेलेल्या पोरीला असल्या वेळी काय सांगायचं हे कुठल्या फर्म्यात छापलेलं नसतं. काकांनी पुस्तक फिरवलं, पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, "हा काय! पान उलट, आला." पहिल्या पानावर साळोबा खरोखरच परत निघालेला होता.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. शेवटच्या पानावर पुस्तक मिटायचं नाही. गोष्ट पूर्ण सांगायची, मग पुन्हा पहिल्यापासून धरायची, साळोबाला पावसातून आणायचा, दारातून ओढून आत घ्यायचा, झोपवायचा, आणि मग पुस्तकाच्या ऐन मधल्या पानावर मिटायचं. काका कधी थकून पुलावरच डुलकी घ्यायला लागले तर ठमी त्यांच्या पापण्या बोटांनी वर उचलायची. "बाबा, तो बाहेर आहे अजून."

ठमी मोठी झाली. छापखाना बंद पडला, काका कपड्याच्या घड्यांकडे वळले. ठमी शिकली, भराभर शिकली, आणि समुद्र ओलांडून नोकरीला गेली. तिकडेच लग्न केलं, तिकडेच तिला मुलगी झाली. यात कुणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही, आणि तेच वाईट आहे. कुणाचं चुकलं असतं तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

काकांचं घर म्हणजे दोन खोल्या. खुर्च्या दोन, त्यातली एक बसायला आणि दुसरी तिच्यावर काही ठेवायला. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते, पाण्याचे नळ आणि कुणाच्या तरी न्हाणीघराचा दिवा. घरी आल्यावर काका टीव्ही लावत. बघायला नव्हे, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. बातम्या सांगणारा माणूस शेवटी निरोप घ्यायचा तेव्हा काका कधीकधी मान हलवत. मग घड्या. टॉवेलाची घडी, वर्तमानपत्राची घडी, सामानाच्या रिकाम्या पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या. पिशव्यांचे त्रिकोण एका खणात ओळीने उभे असत. पाहुणा आला तर दाखवण्यासारखी एवढीच वस्तू घरात होती, आणि पाहुणा येत नसे.

कारखान्याला सुट्टी असली की काकांची पंचाईत व्हायची. इतर लोक सुट्टीची वाट बघतात, काका ती संपायची वाट बघायचे. आणि सुट्टीच्याच दिवशी, रविवारी, ठमीचा फोन यायचा.

त्या फोनमध्ये तीन प्रश्न असायचे. जेवलात का? औषध घेतलंत का? आणि फोन ठेवता ठेवता, "करमतं ना, बाबा?"

पहिल्या दोन प्रश्नांना काका हो म्हणायचे, आणि ते बहुतेक खरं असायचं. तिसऱ्याला म्हणायचे, "न करमायला काय झालं? काम आहे, माणसं आहेत." हे धादांत खोटं होतं. काकांना करमत नव्हतं. सकाळी करमत नव्हतं आणि संध्याकाळी तर मुळीच करमत नव्हतं. पण हे म्हणायचं कसं? पोर तिकडे दूर, नोकरी सांभाळून, लेकरू सांभाळून दमलेली. तिला करमत नाही म्हणून सांगितलं तर ती बिचारी काय करणार, तिकडे बसून रडणार. एक कारण हे. दुसरं कारण काका स्वतःशीही उच्चारत नसत: बापाने पोरीला ये म्हणायचं नसतं, तिला यावंसं वाटलं पाहिजे. मानी माणूस. मानाने पोट भरत नाही म्हणतात, पण मानापायी उपाशी राहणारे काही कमी नाहीत.

ठमी म्हणायची, तुम्हीच या इकडे. काका म्हणायचे, कारखाना कोण बघेल? जणू कारखाना यांच्या बापाचा होता. आणि येण्याबद्दल ती स्वतः सुरुवातीला म्हणायची, "यंदा नक्की येते." मग काही वर्षांनी ते "यायचं बघते" झालं. मग नुसतं "बघू". बघू या शब्दाचा अर्थ काय होतो हे लहान मुलालाही कळतं. काकांनी तो शब्द ऐकला की ते म्हणायचे, "हो हो, सवडीने बघ." आणि फोन ठेवून झाल्यावर तो बराच वेळ हातात धरून बसायचे. नातीला त्यांनी फोनच्या काचेतच पाहिलं होतं.

अशातच कारखान्यात साळोबा आला.

पुस्तकाला पन्नास वर्षं झाली म्हणून प्रकाशनाने साळोबाचे टी-शर्ट काढायचे ठरवले. सहा चित्रं, सहा शर्ट, सगळे लहान मुलांच्या मापाचे. सहाचा एक संच, तो एका चपट्या बॉक्समध्ये, आणि बॉक्सच्या झाकणाला खिडकी, म्हणजे सगळ्यात वरचं चित्र बाहेरून दिसेल. मालकीणबाईंनी काकांना बोलावून सांगितलं, "गोष्टीच्या क्रमाने लावायचे. पहिलं चित्र वर, शेवटचं तळाला. मूल एकेक शर्ट उचलत जाईल तशी गोष्ट पुढे सरकली पाहिजे. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, साळोबा तर सगळ्यांनाच पाठ आहे."

"मला तर दोन्ही बाजूंनी पाठ आहे," काका म्हणाले.

पहिला शर्ट वाळून टेबलावर आला तेव्हा काकांनी तो जरा जास्तच वेळ हातात धरला. दारात अडकलेला साळोबा, आतून आजी ओढतेय. ताई म्हणाली, "काका, घरचं माणूस भेटल्यासारखं करताय." काकांनी शर्ट पालथा टाकून पुठ्ठा ठेवला. पण नंतरचे दिवस त्यांचे फार बरे गेले, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. ते घडी घालता घालता ताईला गोष्ट सांगायचे. ठमी पापण्या कशा उचलायची ते सांगायचे. ताई नवी होती, तिच्या लहानपणी घरात पुस्तक नव्हतं, तिने काकांकडूनच साळोबा ऐकला. घरी गेल्यावरही काकांना टीव्ही लावायची आठवण राहिली नाही. एका संध्याकाळी तर त्यांनी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "नातीला एक संच पाठवायचा." आणि रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकून दचकले.

वर जत्रेतून निघालेला भरगच्च साळोबा, मग पाऊस आणि दार, मग झोप, मग आजीचा निरोप, मग शिंपी, आणि सगळ्यात खाली पूल. संच झाले, बॉक्स भरले, बॉक्सांच्या भिंती उभ्या राहिल्या.

माल उचलायच्या आदल्या दिवशी प्रकाशनाकडची बाई बघायला आली. चष्मा डोक्यावर चढवलेली, घाईत, पण हसतमुख. तिने एक बॉक्स उचलला, खिडकीतून बघितलं, उघडला, एकेक शर्ट वर करून पाहिला. मग दुसरा बॉक्स उघडला. मग तिसरा. तिचं हसू बॉक्सागणिक कमी होत गेलं.

"हे उलटं लागलंय," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी काकांकडे पाहिलं. काका पुढे आले.

"उलटं नाही, बाई. गोष्ट अशीच आहे."

"अहो, साळोबा घरातून निघतो, गावभर फिरतो आणि परत येतो. शेवटी झोपतो. तुम्ही त्याला शेवटी पुलावर उभं केलंय!"

"तो शेवटी पुलावरच असतो."

"काका," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

पण काका ऐकायला तयार नव्हते. इतक्या वर्षांत कुणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. आतली ओली माणसं हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. "मी हे पुस्तक बांधलंय!" काका म्हणाले. "माझ्या हातांनी बांधलंय. रोज सांगितलंय माझ्या पोरीला. तुमचा जन्म तरी झाला होता का? शेवटचं पान पूल आहे. पूल आणि धुकं. मला शिकवू नका."

बाई रागावली नाही. तिने पिशवीतून पुस्तकाची एक नवीकोरी प्रत काढली आणि काकांच्या समोर टेबलावर ठेवली. कुणाला खोटं पाडण्याची तिला हौस होती असं काही नव्हतं, पण दुसरं ती करणार तरी काय?

काकांनी पान उलटलं. आजी दारात, साळोबा निरोप घेतोय, अंगावर नुसते काटे. पान उलटलं. शिंपी. पानं उलटत गेले, आणि पुस्तकाच्या ऐन मध्यावर पूल आला. पलीकडच्या पानावर जत्रा. मग पाऊस, दार, आजी. शेवटच्या पानावर साळोबा झोपलेला, पांघरूण हनुवटीपर्यंत.

पुस्तक मिटून त्यांनी ते उलटं करून पुठ्ठ्याच्या कडेकडे पाहिलं, आणि मग त्यांच्यातला बाइंडिंगवाला जागा झाला. दोन फर्म्यांचं पुस्तक. त्यांच्या घरच्या प्रतीत दोन्ही फर्मे खालीवर शिवले गेले होते, दुसरा आधी आणि पहिला नंतर. सरसाचा डाग हे बाद होण्याचं एक कारण असेल, खरं कारण हे होतं. पानांवर आकडे नाहीत, अक्षर नाही, मग कळणार कसं? जन्मभर फर्मे लावलेल्या माणसाच्या घरात जन्मभर उलटे फर्मे लागलेलं पुस्तक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि घरात एक प्रत असताना दुसरी कोण कशाला उघडून बघतो?

"चुकलं माझं," काका म्हणाले. एवढंच म्हणाले.

मालकीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी आदळआपट केली नाही, माल दोन दिवस उशिरा नेण्याचं बाईकडून कबूल करून घेतलं आणि सगळ्यांना टेबलापाशी बसवलं. बॉक्स उघडायचे, वरचे तीन शर्ट खाली, खालचे तीन वर. ओली माणसंही हात स्वच्छ धुऊन मदतीला आली. थट्टा झाली नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं. ताईने एकदा म्हणून पाहिलं, "मला तर तुमचीच गोष्ट आवडली, काका." काकांनी मान वर केली नाही.

कारण चूक बॉक्सांची नव्हती. बॉक्स काय, पुन्हा लावता येतात. काकांच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. जगातल्या सगळ्या मुलांना सांगितलं गेलं की साळोबा बाहेर जातो आणि परत येतो. एका आपल्याच पोरीला आपण रोज, न चुकता, सांगितलं की त्याचं सगळं वाटून टाकलं जातं आणि तो निघून जातो, पुलावर पाठ करून उभा राहतो. आणि पोर गेली. असं कुठे असतं का? गोष्टीने कुणी जातं का? नाही जात. हे काकांनाही कळत होतं. पण एकट्या माणसाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते खोडून काढायला दुसरं माणूस लागतं, आणि ते घरात नव्हतं. घरी जाऊन त्यांनी जुनं पुस्तक काढलं, मांडीवर ठेवलं, पण उघडलं नाही.

शेवटचा बॉक्स उरला तेव्हा काकांनी तो बाजूला सरकवला. मालकीणबाईंना विचारलं, "हा मी नातीसाठी घेऊ का?"

"घ्या ना. पण तो उलटा आहे, सुलटा घ्या."

"उलटाच बरा," काका म्हणाले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. सुलटा साळोबा त्यांच्या ओळखीचा नव्हता, एवढंच. त्यांनी बॉक्स बांधला आणि पाठवून दिला. आत चिठ्ठी ठेवली नाही. काय लिहिणार?

मग कितीतरी रविवार गेले. जेवलात का, घेतलं का, करमतं ना. काकांनी बॉक्सचं नाव काढलं नाही, कारखान्यातल्या चुकीचं तर नाहीच नाही. न करमायला काय झालं, म्हणाले.

आणि एका संध्याकाळी, रविवार नसताना, फोन वाजला. काका कारखान्यातून येऊन नुकते पायांतल्या चपला काढत होते. रविवार नसताना फोन म्हणजे काहीतरी वाईट, असं धरून चालणाऱ्या वयाचे ते झाले होते. एक चप्पल पायात तशीच ठेवून त्यांनी फोन उचलला.

"बाबा, बॉक्स आला."

"आला का? माप बरोबर आहे ना? बाह्या जरा मोठ्या वाटल्या मला."

"मापाचं राहू द्या. उलटा लागलाय."

काका खुर्चीवर बसले. म्हणजे ज्या खुर्चीवर ठेवायच्या वस्तू होत्या त्या खुर्चीवर, वस्तूंसकट.

"ठमे," ते म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं. आपलं पुस्तक चुकीचं होतं. फर्मे उलटे लागलेले. साळोबा खरं म्हणजे शेवटी घरी येतो. मी तुला सगळं लहानपण उलटी गोष्ट सांगितली. मला माहीत नव्हतं गं."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"उलटं आहे ते. शाळेत गेले त्याच वर्षी बाईंनी वर्गात साळोबा दाखवला. मी केवढी भांडले! म्हटलं, तुमचं पुस्तक खोटं आहे, माझ्या बाबांनी स्वतः बांधलंय. मला कोपऱ्यात उभं केलं बाईंनी."

"मीपण भांडलो," काका म्हणाले. "अगदी हेच म्हणालो. कोपऱ्यात उभं केलं नाही इतकंच."

तिकडून ठमीचं हसू ऐकू आलं, खळखळून, लहानपणचं. काकाही हसले. मग त्यांना आठवलं. "पण मग मला का नाही बोललीस? तेव्हाच?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी ते उसवून नीट शिवलं असतं. चुकीची घडी तुम्हाला बघवते का कधी?"

"नाही बघवत. मग बिघडलं काय असतं?"

"बिघडलं नसतं कसं? साळोबा घरी आला की गोष्ट संपली. पुस्तक बंद, दिवा बंद. आपल्या पुस्तकात तो पुलावर अडकायचा, म्हणून तुम्ही पुन्हा पहिल्यापासून धरायचात. सगळ्या मुलांना एक गोष्ट मिळायची, बाबा. मला दीड मिळायची."

पायातली चप्पल काकांनी दुसऱ्या पायाने काढली.

"थांबा, हिला बोलायचंय," ठमी म्हणाली. "आल्यापासून खालचाच शर्ट घालून बसलीय. अंगातून काढू देत नाही."

फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग बारीक आवाज.

"आजोबा."

"काय गं?"

"हा पुलावरचा आहे ना, हा परत कधी येतो?"

काकांच्या ओठांवर जुनं उत्तर आलं होतं. पान उलट, आला. पण टी-शर्टाला पुढचं पान नसतं. ते खिडकीबाहेर, त्या इमारतीच्या पाठीकडे बघत राहिले.

"तुझ्या आईला विचार," ते म्हणाले.

तिकडे काहीतरी कुजबुज झाली. फोन या हातातून त्या हातात गेला. ठमीचा आवाज आला तेव्हा तो रविवारचा झाला होता, तोच, सवयीचा.

"जेवलात का?"

"आत्ताच आलोय. जेवीन."

"औषध?"

"घेईन जेवल्यावर."

"करमतं ना, बाबा?"

"न करमायला..." काका म्हणाले आणि थांबले. समोर खणात पिशव्यांचे त्रिकोण ओळीने उभे होते. टीव्ही अजून लावलेला नव्हता. "नाही," ते म्हणाले. "नाही करमत, ठमे. अजिबात करमत नाही मला."

तिकडून काहीच आवाज आला नाही. इतका वेळ आला नाही की काकांना वाटलं फोन तुटला, आणि क्षणभर त्यांना त्याचं बरंही वाटलं.

"दर रविवारी विचारत होते मी," ठमी म्हणाली. तिचं नाक चोंदलं होतं.

काकांनी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"येते," ती म्हणाली. बघू म्हणाली नाही.